आत मजकूर मावणारे एचटीएमएल टॅग स्क्रिप्टने ओळखायचे कसे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या वेबसाइटसाठी तुम्ही पान-संपादक बांधताय. पॅकहाउसच्या ऑफिसातली मंडळी पानावर कुठेतरी क्लिक करतील, तिथे ‘आत मजकूर घाला’ असं बटण येईल आणि द्राक्षाची जात, पेटीचं वजन, मालाची उपलब्धता ती स्वतःच भरतील. हे बटण आत काही मावेल अशाच एलिमेंटवर दिसायला हवं. तुम्ही आधी एलिमेंटवर इनरएचटीएमएल ही प्रॉपर्टी आहे का ते तपासलं, तर सगळ्याच टॅगनी ‘आहे’ म्हणून सांगितलं. मग ट्राय-कॅचमध्ये (एरर आली तर पकडणाऱ्या कोडमध्ये) अपेंडचाइल्ड करून, म्हणजे आत काहीतरी जोडून, पाहिलं, तर एरर कुठेच आली नाही, अगदी बीआर (ओळ तोडणारा टॅग) आणि आयएमजी (चित्राचा टॅग) यांवरही नाही. तेव्हा ओळखायचं कसं, की शेवटी नावांची यादी हातानेच लिहायची?

ओळखता येतं, आणि कोडही जेमतेम एका ओळीचा आहे. हव्या त्या नावाचं कोरं एलिमेंट क्रिएटएलिमेंटने बनवा, त्याचं आउटरएचटीएमएल, म्हणजे टॅगसकट पूर्ण लिखाण, वाचा आणि त्या स्ट्रिंगमध्ये ‘</’ ही जोडी सापडते का ते बघा. डिव्हचं आउटरएचटीएमएल येतं <डिव्ह></डिव्ह>, बीआरचं येतं नुसतं <बीआर>. बंद होणारा टॅग मिळाला तर त्या एलिमेंटला आतली जागा आहे. नाही मिळाला तर ते व्हॉइड एलिमेंट, म्हणजे एचटीएमएलच्या लिखाणात त्याच्या आत काही लिहायची सोयच नाही.

हे चालतं याचं कारण असं की डॉम, म्हणजे ब्राउझरने मेमरीत केलेलं पानाचं झाड, पुन्हा मजकुराच्या रूपात लिहून काढायचे नियम एचटीएमएल मानकातच दिलेले आहेत आणि सगळे ब्राउझर तेच पाळतात. व्हॉइड एलिमेंट आलं की सुरुवातीचा टॅग लिहायचा आणि पुढे जायचं, बंद टॅग लिहायचाच नाही. आजच्या मानकात अशी १३ नावं आहेत: एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, आयएमजी, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक आणि डब्ल्यूबीआर. यांच्याशिवाय बेसफाँट, बीजीसाउंड, फ्रेम, कीजेन आणि पॅरॅम ही ५ जुनी नावंही लिहून काढताना व्हॉइड म्हणूनच वागवली जातात. म्हणजे आउटरएचटीएमएल वाचताना तुम्ही ब्राउझरला त्याच्याच नियमाबद्दल विचारता आणि तो खरं सांगतो.

तरी एवढ्यावर थांबू नका, असं मी आग्रहाने सांगेन. ‘आत मावतं का’ हा प्रश्न एकच वाटतो, पण तुमच्या संपादकात तो तीन ठिकाणी वेगवेगळा उभा राहतो. डॉम ते स्वीकारेल का? ते पडद्यावर दिसेल का? आणि सेव्ह केलेलं पान दुसऱ्या दिवशी उघडलं की ते तिथेच असेल का? संपादक बांधणाऱ्यासाठी तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

आधी तुमच्या दोन्ही युक्त्या का फसल्या ते बघू, कारण त्यातूनच हा फरक कळतो. इनरएचटीएमएल ही प्रॉपर्टी सगळ्या एलिमेंटच्या सामाईक पायावर, एलिमेंट या इंटरफेसवरच, ठेवलेली आहे. त्यामुळे ती बीआरवरही असणार आणि मेटावरही. तिच्या असण्या-नसण्यावरून काहीच कळत नाही. अपेंडचाइल्डचं तर त्याहून सरळ आहे. कोण कोणाच्या आत शोभतं याचा नियम डॉमच्या झाडाला माहीतच नसतो. नोड (झाडातला एक घटक) स्वतःच्याच आत जात नाही ना, डॉकटाइपसारखी (पानाच्या सुरुवातीची घोषणा) भलती गोष्ट एलिमेंटच्या आत जात नाही ना, असल्या मोजक्या गोष्टी तो तपासतो. बाकी बीआरच्या आत ‘थॉमसन सीडलेस’ हा टेक्स्ट नोड घाला, तो निमूटपणे ठेवून घेईल. चाइल्डनोड्स मोजले तर १ येतील. पडद्यावर काही दिसणार नाही, आणि पान आउटरएचटीएमएलने सेव्ह केलं की निघेल फक्त <बीआर>. मजकूर गेला, कुठेही एरर नाही. ऑफिसातल्या माणसाने मन लावून भरलेली माहिती अशी गुपचूप नाहीशी होणं हा संपादकातला सगळ्यात वाईट दोष आहे, कारण तो तुमच्यापर्यंत तक्रार म्हणून पोहोचेपर्यंत मूळ माहिती कोणालाच आठवत नसते.

शोधताना तुम्हाला ट्राय-कॅचवाली जुनी उत्तरं सापडली असतील, ती चुकीची नव्हती, त्या काळची होती. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बीआर किंवा आयएमजीच्या आत नोड घालायला गेलं की खरंच एरर यायची. त्यात ‘कॅनहॅवचिल्ड्रन’ नावाची प्रॉपर्टीही होती, ती थेट हो किंवा नाही सांगायची. ती मानकात कधी आली नाही, दुसऱ्या ब्राउझरांनी घेतली नाही. त्याच ब्राउझरमध्ये ९व्या आवृत्तीपर्यंत टेबल, टीबॉडी, टीआर, कॉल अशा काही एलिमेंटचं इनरएचटीएमएल फक्त वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. त्यामुळे ‘टेबलच्या आत काही मावत नाही’ असा विचित्र निष्कर्ष देणारा कोडही त्या काळी लिहिला गेला. आउटरएचटीएमएलची युक्तीही तेव्हा सगळीकडे चालत नव्हती. फायरफॉक्समध्ये ही प्रॉपर्टी आली ती ११व्या आवृत्तीत, २०१२ साली. आज या काळजीची गरज उरलेली नाही, जुना कोड दिसला तर सरळ काढून टाका.

हा नियम मुळात आला कुठून हे माहीत असलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.० आलं तेव्हा एचटीएमएलची व्याख्या एसजीएमएल या जुन्या मार्कअप पद्धतीच्या डीटीडीमध्ये, म्हणजे नियमांच्या फाइलमध्ये, लिहिलेली होती, आणि बीआर किंवा आयएमजीपुढे तिथे ‘एम्प्टी’ असं नोंदलेलं असायचं. डिसेंबर १९९९च्या एचटीएमएल ४.०१मध्येही तसंच. जानेवारी २०००मध्ये एक्सएचटीएमएल १.० आलं. ते एक्सएमएलवर आधारलेलं असल्याने प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे असा दंडक आला, आणि बीआरच्या शेवटी तिरकी रेघ देऊन तिथल्या तिथे बंद करायची सवय सगळ्यांना लागली. आज एचटीएमएल पार्सर, म्हणजे लिखाण वाचून झाड बनवणारा ब्राउझरचा भाग, त्या तिरक्या रेघेकडे बीआरच्या बाबतीत लक्षच देत नाही, ती असली काय अन् नसली काय सारखंच.

घोटाळा होतो तो ही सवय डिव्हवर नेली की. <डिव्ह/> असं लिहिलं तर पार्सर रेघ दुर्लक्षून डिव्ह उघडाच ठेवतो आणि पुढचं सगळं त्याच्या आत ओढलं जातं. स्क्रिप्ट टॅगवर असं केलं तर उरलेलं पानच स्क्रिप्टच्या पोटात जातं. म्हणून तिरकी रेघ बघून ‘हे रिकामं एलिमेंट आहे’ असं ठरवणारा कोड लिहू नका, एचटीएमएलमध्ये रेघेला तो अर्थ नाही. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत बरीच वर्षं असा एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र) होता, तो <डिव्ह/> दिसलं की त्याचं <डिव्ह></डिव्ह> करायचा आणि व्हॉइड नावांची छोटी यादी बाळगून ती तेवढी वगळायचा. स्ट्रिंगवर केलेली ही दुरुस्ती सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरली, आणि एप्रिल २०२०मध्ये आलेल्या ३.५.० आवृत्तीत ती काढून टाकली. तुमच्या निर्यातदाराच्या साइटवर त्याआधीची जेक्वेरी असेल आणि ती तुम्ही बदलणार असाल, तर असे अर्धवट बंद केलेले टॅग आधी शोधून काढा. नाहीतर शेजारीशेजारी असलेले डिव्ह एकमेकांच्या आत जातील.

आता यादी की चाचणी, यावर माझं मत. दोन्ही ठेवा. रिॲक्ट (पानं बनवायची लायब्ररी) स्वतःची यादी बाळगतं आणि इनपुटला आत काही द्यायला गेलात तर स्पष्ट एरर देतं. अशी यादी सर्व्हरवर लागतेच, कारण तिथे ब्राउझर नसतो आणि पान तर तिथेच लिहून काढायचं असतं. पण यादी जुनी होते. एचटीएमएल५च्या मसुद्यात कधीकाळी ‘कमांड’ हे व्हॉइड एलिमेंट होतं, ते गेलं. कीजेन होतं, ते गेलं. पॅरॅम व्हॉइडच्या मुख्य यादीतून गेलं, लिहून काढायच्या नियमात मात्र राहिलं. कुठून तरी उचललेल्या यादीत ही नावं कमीजास्त असतात आणि ती का तशी आहेत हे उचलणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून यादी सर्व्हरवर ठेवा, आणि ब्राउझरमध्ये आउटरएचटीएमएलची चाचणी त्याच नावांवर चालवून दोन्ही जुळतात का हे तुमच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये बघा. फरक पडला त्या दिवशीच कळेल.

चाचणी चालवताना काही बारकावे पाळा. पानावरच्या खऱ्या एलिमेंटचं आउटरएचटीएमएल तपासू नका. एक तर ते भलंमोठं असू शकतं, आणि दुसरं म्हणजे एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत ‘</’ ही चिन्हं असली तर ती न बदलता लिहिणाऱ्या जुन्या ब्राउझरांत उत्तर चुकेल. आयएमजीच्या ऑल्टमध्ये कोणी टॅग चिकटवलेला मी पाहिला आहे. एलिमेंटचं फक्त लोकलनेम घ्या आणि त्यावरून नवं, कोरं एलिमेंट बनवा. तेही चालू पानाच्या डॉक्युमेंटमध्ये बनवू नका. साइटवर कस्टम (साइटनेच बनवलेले) एलिमेंट वापरले असतील तर क्रिएटएलिमेंटने त्यांचा कन्स्ट्रक्टर (बनवताना चालणारा कोड) धावतो आणि तो काहीही करू शकतो. डॉक्युमेंटच्या इम्प्लिमेंटेशनवरचं क्रिएटएचटीएमएलडॉक्युमेंट वापरून एक वेगळं, निपचित डॉक्युमेंट बनवा आणि सगळ्या चाचण्या तिथे करा. तिथे कस्टम एलिमेंटची नोंदणी लागू होत नाही, त्यामुळे कन्स्ट्रक्टर धावत नाही. नाव वापरकर्त्याने दिलेलं असेल तर चुकीच्या अक्षरांवर एरर येईल, ती पकडा. उत्तरं एका मॅपमध्ये साठवा, एकच नाव पुन्हा पुन्हा तपासायचं कारण नाही.

नेमस्पेस, म्हणजे एलिमेंट कोणत्या भाषेचं आहे, तेही बघा. पानात एसव्हीजी (टॅगने काढलेलं चित्र) असेल, समजा पॅकहाउसचा नकाशा किंवा लोगो, तर त्यातल्या सर्कल किंवा पाथला एचटीएमएलचा नियम लावू नका. एचटीएमएल डॉक्युमेंटमध्ये रिकाम्या सर्कलचं आउटरएचटीएमएल बंद टॅगसकट येतं, आणि ते बरोबरच आहे, कारण सर्कलच्या आत टायटल किंवा अ‍ॅनिमेट येऊ शकतं. पण तेच सर्कल एक्सएमएल डॉक्युमेंटमध्ये तिरक्या रेघेने तिथेच बंद होऊन येतं आणि चाचणी ‘आत काही मावत नाही’ असं चुकीचं सांगते. आधी नेमस्पेसयूआरआय एचटीएमएलचा आहे याची खात्री करा, मग पुढे जा. एसव्हीजीतला मजकूर ऑफिसातल्या मंडळींना बदलू द्यायचाच असेल तर त्यासाठी वेगळी, हाताने ठरवलेली सोय करा.

बंद टॅग आहे म्हणून चाचणीने ‘हो’ म्हटलं आणि तरी मजकूर वाया गेला असे प्रकार बरेच आहेत. माझ्या अनुभवात खरा त्रास इथेच होतो. मानक एलिमेंटचे ६ प्रकार करतं: व्हॉइड, टेम्प्लेट, कच्चा मजकूर धरणारे म्हणजे स्क्रिप्ट आणि स्टाइल, थोडी मोकळीक असलेला कच्चा मजकूर धरणारे म्हणजे टेक्स्टएरिया आणि टायटल, एसव्हीजी-मॅथएमएलसारखे परके, आणि उरलेले साधे. तुमचं बटण मनमोकळेपणाने दाखवावं असे फक्त शेवटचे, आणि त्यातलेही सगळे नव्हेत.

टेक्स्टएरिया घ्या. त्याच्या दोन टॅगच्या मधला मजकूर म्हणजे त्याची सुरुवातीची किंमत. त्यात एकदा कोणी टाइप केलं की आतला टेक्स्ट नोड बदलून पडद्यावर काही फरक पडत नाही. उलट दिशेनेही तसंच, टाइप केलेलं फक्त व्हॅल्यूमध्ये असतं आणि आउटरएचटीएमएलने पान सेव्ह केलं तर ते येत नाही. चौकशीचा फॉर्म संपादकात घेणार असाल तर हे आठवणीने हाताळा. टायटल आणि टेक्स्टएरियाच्या आत टॅग लिहिले तरी ते टॅग म्हणून वाचले जात नाहीत, अक्षरं म्हणूनच राहतात.

स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या आतला मजकूर लिहून काढताना ‘<’ चिन्ह सुरक्षित रूपात बदललं जात नाही, जसंच्या तसं जातं. वापरकर्त्याला तिथे लिहू दिलं आणि त्याने स्क्रिप्टचा बंद टॅगच लिहिला, तर पुढचं पान त्याच्या ताब्यात गेलं असं समजा. या दोन एलिमेंटवर बटण कधीच दाखवू नका.

टेम्प्लेटचं पोट वेगळंच असतं. इनरएचटीएमएल लिहिलं की ते त्याच्या कंटेंट या फ्रॅगमेंटमध्ये जातं आणि चाइल्डनोड्स शून्यच राहतात. अपेंडचाइल्ड केलं तर नोड चाइल्डनोड्समध्ये दिसतो, पण इनरएचटीएमएल कंटेंटमधून वाचलं जात असल्याने तो तिथे येत नाही आणि सेव्हमध्येही येत नाही. आयफ्रेमला बंद टॅग लागतो, मात्र मानकाच्या दृष्टीने त्याच्या आत काहीच असायला नको. घातलंत तर ते दिसत नाही आणि पुन्हा उघडल्यावर एलिमेंट न राहता नुसता मजकूर होतं. कॅनव्हास, व्हिडिओ, ऑडिओ आणि ऑब्जेक्ट यांच्या आतलं हे ब्राउझरला ते एलिमेंट दाखवता आलं नाही तर वापरायचं असतं. कॅनव्हासच्या बाबतीत मात्र त्याला महत्त्व आहे, कारण चित्र न दिसणाऱ्या वापरकर्त्याला कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने तेवढंच पोहोचतं. निर्यातीचा आलेख कॅनव्हासवर काढला असेल तर आत तेच आकडे टेबलात ठेवा.

दोन चमत्कारिक नावंही सांगून ठेवतो. ‘इमेज’ नावाचं एलिमेंट क्रिएटएलिमेंटने बनवलं तर चाचणी ‘आत मावतं’ म्हणते, पण तेच नाव एचटीएमएलमध्ये लिहून पार्सरला दिलं की तो त्याचा आयएमजी करतो. आणि प्लेनटेक्स्ट हा जुनाट टॅग आउटरएचटीएमएलमध्ये शिस्तीत बंद होतो, पण वाचताना पार्सर त्याचा बंद टॅग मानतच नाही, पुढचं सारं पान त्याच्या आत जातं. मनाने रचलेलं कुठलंही अनोळखी नावही चाचणीत ‘हो’च म्हणतं. म्हणजे लिहून काढायचा नियम आणि वाचायचा नियम हे दोन वेगळे आहेत. आउटरएचटीएमएलची चाचणी पहिल्या नियमाबद्दल बोलते, दुसऱ्याबद्दल नाही.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं, टिकेल का याचं, उत्तर एकाच मार्गाने मिळतं: लिहून काढा, परत वाचा आणि ताडून बघा. मी याला फेरी मारणं म्हणतो. तुम्ही केलेला बदल मूळ पानावर न करता एका प्रतीवर करा. त्या प्रतीचं आउटरएचटीएमएल घ्या, नव्या टेम्प्लेटच्या इनरएचटीएमएलमध्ये ठेवा आणि टेम्प्लेटच्या कंटेंटमधला पहिला नोड मूळ प्रतीशी इज-इक्वल-नोडने ताडा. कंटेंटमध्ये एकच नोड असेल आणि दोन्ही सारखे असतील तर बदल टिकणारा आहे. परत वाचायला डिव्ह न घेता टेम्प्लेटच घ्यायचं कारण टीआर आणि टीडी. डिव्हच्या इनरएचटीएमएलमध्ये सुटा टीआर दिला तर पार्सर तो टाकून देतो, टेम्प्लेटमध्ये तो टिकतो.

तुमच्या साइटवरचंच उदाहरण घेऊ. पानावर एका परिच्छेदात, म्हणजे पी टॅगमध्ये, मालाचं वर्णन आहे. ऑफिसातला माणूस त्यावर क्लिक करून पनेटची (द्राक्षाच्या छोट्या डब्यांची) माहिती भरायला आतच एक डिव्ह घालतो, ५०० ग्रॅमचे पनेट, पेटीत किती, वगैरे. पीचं इनरएचटीएमएल बदलून ते घातलं तर डॉममध्ये पीच्या आत डिव्ह व्यवस्थित बसतो आणि दिसतोही. पण ते सेव्ह झालं आणि पान पुन्हा उघडलं की पार्सर पी वाचतो, आत डिव्ह दिसला की पी तिथेच बंद करतो, डिव्ह बाहेर पडतो, आणि उरलेल्या बंद टॅगपायी शेवटी एक रिकामा पी तयार होतो. एकाचे तीन झाले. सीएसएस पीच्या आतल्या डिव्हसाठी लिहिलेली असेल तर ती लागू होत नाही, खाली मोकळी जागा पडते आणि मग फोन येतो की काल बरोबर दिसत होतं. फेरी मारणारी चाचणी हे जागच्या जागी पकडते. यूएल, टेबल, एच२, फॉर्म ही सगळी पीला अशीच बंद करतात. एक अपवाद लक्षात ठेवा. डॉकटाइप नसलेलं जुनं पान ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या पानांसाठीच्या सवलतीच्या पद्धतीत) उघडतो आणि तिथे टेबल पीच्या आत टिकतं. औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांच्या जुन्या साइट, आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडला तशा खूप आहेत, हाताळताना आधी डॉकटाइप बघा.

लिंकच्या आत लिंक, बटणाच्या आत बटण, फॉर्मच्या आत फॉर्म हेही डॉममध्ये बनतं आणि पुन्हा वाचताना मोडतं. टेबलात थेट टीआर घातला तर वाचताना मध्ये टीबॉडी येऊन बसतो. हा बदल निरुपद्रवी आहे, पण ताडणी त्यावर ‘वेगळं आहे’ म्हणेल, म्हणून टीआर नेहमी टीबॉडीतच घाला. लासलगावच्या कांदा बाजारभावासारखे रोज ओळी वाढणारे तक्ते असतील तर हे पहिल्यापासून पाळलेलं बरं. ताडण्याआधी मूळ प्रतीवर नॉर्मलाइझ चालवा, कारण शेजारीशेजारी असलेले दोन टेक्स्ट नोड लिहून काढताना एक होतात आणि विनाकारण फरक दिसतो. प्रीच्या अगदी सुरुवातीची नवी ओळ पार्सर गिळतो, तोही फरक दिसेल.

एवढं करूनही एक गोष्ट हाती लागत नाही. यूएलच्या आत थेट डिव्ह, स्पॅनच्या आत डिव्ह हे मानकाला मान्य नाही, पण पार्सर त्याला हात लावत नाही. त्यामुळे ते टिकतं, दिसतं आणि दोन्ही चाचण्यांतून पार होतं. कोणत्या एलिमेंटच्या आत काय असावं हे ब्राउझरला विचारायची सोय स्क्रिप्टमध्ये नाही, कारण ब्राउझर ती माहिती बाळगतच नाही. त्यासाठी पान डब्ल्यूथ्रीसीच्या नू एचटीएमएल चेकरमधून काढा, किंवा तुमच्या संपादकात जेवढे एलिमेंट येतात तेवढ्यांचा छोटा तक्ता स्वतः करा: यूएलमध्ये फक्त एलआय, टीआरमध्ये टीडी आणि टीएच, पी आणि एच१ ते एच६मध्ये फक्त ओळीत बसणारं. निर्यातदाराच्या साइटला एवढा तक्ता पुरतो. सगळं मानक कोडमध्ये उतरवायच्या मागे लागू नका.

‘आत’चा आणखी एक अर्थ अधूनमधून यात मिसळतो, तो शॅडो डॉमचा, म्हणजे एलिमेंटला जोडलेल्या वेगळ्या, झाकलेल्या झाडाचा. अटॅचशॅडो हे कस्टम एलिमेंटवर आणि डिव्ह, स्पॅन, पी, सेक्शन, आर्टिकल, एच१ ते एच६ अशा ठरावीक १८ एलिमेंटवरच चालतं, बाकीच्यांवर एरर देतं. ही एरर बघून आत मजकूर मावतो की नाही ठरवणारा कोड मी पाहिला आहे. टीडी, एलआय, बटण या सगळ्यांच्या आत मजकूर मावतो आणि शॅडो रूट मात्र लागत नाही, तेव्हा ही कसोटी इथे कामाची नाही.

आता बटण कुठे दाखवायचं याकडे येऊ. १३ व्हॉइड नावांतली बरीचशी वापरकर्त्याच्या क्लिकखाली येतच नाहीत. मेटा, लिंक, बेस, सोर्स, ट्रॅक आणि कॉल यांवर कोणी क्लिक करू शकत नाही. प्रत्यक्षात सामना होतो तो आयएमजी, इनपुट, एचआर आणि क्वचित एम्बेडशी. तिथे बटण नुसतं लपवू नका, कारण द्राक्षाच्या घडाच्या फोटोवर क्लिक करणाऱ्याला त्याखाली काहीतरी लिहायचंच असतं. तिथे ‘आधी घाला’ आणि ‘नंतर घाला’ हे पर्याय द्या आणि इन्सर्टअ‍ॅडजेसेंटएचटीएमएल हे बिफोरबिगिन किंवा आफ्टरएंड या जागेसह वापरा. एलिमेंटला पालकच नसेल तर ते एरर देतं, म्हणून पॅरेंटएलिमेंट आधी तपासा. आयएमजीचा पालक पिक्चर असेल तर एक पायरी वर चढून पिक्चरच्या नंतर घाला, पिक्चरच्या आत मजकूर सोडू नका. पालक फिगर असेल तर सरळ फिगकॅप्शन उघडून द्या, मथळा लिहायची जागा तीच. इनपुटवर क्लिक झालं तर प्लेसहोल्डर किंवा सुरुवातीची किंमत बदलायची पेटी दाखवा, आणि ती किंमत अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहा, नुसती प्रॉपर्टी बदललीत तर आउटरएचटीएमएलमध्ये येणार नाही.

सिलेक्टबद्दल सध्या सावध राहा. पूर्वी पार्सर सिलेक्टच्या आतून ऑप्शन, ऑप्टग्रुप अशा मोजक्या गोष्टी सोडून बाकीचे टॅग गाळायचा. आता क्रोममध्ये हे नियम सैल झाले आहेत, त्यामुळे सिलेक्टच्या आत स्पॅन किंवा डिव्ह असलेलं पान एका ब्राउझरमध्ये फेरी मारून सुखरूप येतं आणि दुसऱ्यात गाळलं जातं. पॅकहाउसमधल्या संगणकावर नवा क्रोम असेल आणि साइट बघणाऱ्या ग्राहकाकडे जुना ब्राउझर, असं सहज होतं. त्यामुळे सिलेक्टच्या आत तुमच्या संपादकाने ऑप्शनखेरीज काहीही घालू देऊ नये, फेरी मारणाऱ्या चाचणीने होकार दिला तरीही.